दारावरची हिरवी डहाळी

गेल्या मार्चात आमच्या चौथ्या मजल्यावरच्या दाराला मी कडुनिंबाची डहाळी बांधली. अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आज्जींचा पाडवा यंदा लवकर आला वाटतं!' त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. माझी सून केतकी फोन घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"आई, तुम्ही जन्मभर सरकारी नर्स होतात. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील म्हातारी चळली. म्हणू देत. तू ग्रुपवर लिही, ईराला कांजिण्या आल्यात, घरी कुणी येऊ नका."

"ते लिहितेच. मग फांदी कशाला?"

"तुझं लिहिलेलं संध्याकाळपर्यंत शंभर सुविचारांखाली गाडलं जाईल. फांदी दारावरच राहते. आणि दुसऱ्या मजल्यावरची ती पोटुशी पोरगी लिफ्ट चुकवून जिन्यानं आपल्याकडं लोणचं मागायला येते, तिला दारातच कळायला हवं."

केतकीनं ग्रुपवर लिहिलं, पण तिला पटलेलं नव्हतं. मी दिलेलं उत्तर खरं होतं, पण अर्धं. उरलेल्या अर्ध्यासाठी मला चाळीसहून जास्त वर्षं मागं जावं लागेल. तिथं एक बावीस वर्षांची नर्स भेटेल. तिच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आधी ईराचं सांगते, म्हणजे हा रोग घरी कसा ओळखायचा ते कळेल. ईरा माझी नात, सात वर्षांची. शाळेतून आली ती मलूल, आवडीच्या शेवयासुद्धा तिनं टाकल्या. अंगात कणकण होती. दुसऱ्या दिवशी पोटावर तीन लाल ठिपके दिसले. केतकी म्हणाली, डास चावले. आता डासाला उघडे हातपाय मिळत असताना तो बनियनच्या आत शिरून पोट कशाला शोधेल? मी म्हटलं, "बनियन वर कर गं." पाठीवर सगळा संसार मांडलेला होता. कुठं नुसता लाल ठिपका, कुठं पुळी, कुठं पाण्याचा फोड. हा फोड एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. अळवाच्या पानावर थेंब थरथरतो तसा तो कातडीवर बसलेला असतो. दोन दिवसांनी त्याच पाठीवर खपल्याही दिसायला लागतात आणि शेजारी नवे ठिपकेही उठत असतात. आजोबा, बाप आणि नातू एकाच घरात नांदावेत, तशा कांजिण्या. मग केसांत चाचपायचं, तोंडात टाळ्याला बघायचं. तिथंही फोड असले की शंका उरत नाही. जुन्या काळी जी देवी यायची तिचं वेगळं होतं. तिचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर जास्त, तळहात-तळपायांवरसुद्धा, आणि सगळे एका वयाचे. हा फरक आमच्या ट्रेनिंगमध्ये रोज घोकून घेत. देवी देशातून गेल्याला फार वर्षं झाली नव्हती आणि शिकवणाऱ्या बाईंचा अजून विश्वास बसत नव्हता.

ईराला डॉक्टरांकडं नेलंच. निवृत्त नर्स हा अर्धा डॉक्टर असतो असं फक्त निवृत्त नर्सला वाटतं. लसीचा एक डोस झालेला, दुसरा राहून गेलेला, त्यामुळं आजार हलका होता. बाकी सगळं घरचंच काम. नखं मुळापासून कापायची. सुती, सैल कपडे. कोमट पाण्यानं रोज अंघोळ, अंग घासायचं नाही, टिपायचं. खाजेवर ते कॅलामाइनचं गुलाबी औषध लावायचं. तापाला डॉक्टरांनी सांगितलेली साधी तापाची गोळी, तीही वजनाच्या मापानं. दुकानातली डोकेदुखीची गोळी, ॲस्पिरिनची, लेकराला चुकूनही द्यायची नाही, या आजारात ती जिवावर बेतू शकते. पेज, ताक, पाणी घोट घोट देत राहायचं. आणि शेवटची खपली वाळेपर्यंत पोर घरात.

या शेवटच्या नियमापाशीच माझी गोष्ट आहे.

माझी पहिली नेमणूक नांदगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर होती. गावाचं नाव लिहीत नाही. पांढरी साडी, कडक इस्त्री आणि हातात सायकल अशी मी गावात शिरले. सायकल मला चालवता येत नव्हती. पण शेजारच्या केंद्रावरची नर्स सायकलनं हिंडते असं ऐकलेलं, मग आपण मागं कसं राहायचं? मी ती हातानं ढकलत चारही वस्त्या फिरायचे. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं एकदा विचारलंच, "नर्सबाई, तुमी तिला फिरवून आणता का ती तुमाला?" मी नाक वर करून पुढं गेले. तेव्हा माझं नाक बहुतेक वेळ वरच असायचं, त्यामुळं पायाखालचं दिसायचं नाही.

कामं म्हणजे गरोदर बायांची नोंद, लसी, लोहाच्या गोळ्या, बाळंतपणं. त्यातली बाळंतपणं माझ्याकडं येतच नसत. ती गयामावशीकडं जात. गयामावशी गावची सुईण. साठीची, वाकलेली, चेहऱ्यावर देवीचे वण, एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. पोटावरून हात फिरवून ती सांगायची, डोकं खाली हाय का वर. मी मागून माझी नळी लावून बघायचे आणि उत्तर तेच यायचं. मग मला राग यायचा. तिचं चुकलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं! गाव तिला मावशी म्हणायचं आणि मला बाई. कितीही टापटीप राहिलं तरी मला काही कुणी मावशी म्हणेना.

त्या गावात कुणाच्या अंगावर फोड उठले, मग ते गोवराचे असोत की कांजिण्यांचे, की म्हणायचे, घरात बाई आली. दाराला लिंबाचा टहाळा बांधायचा. लिंब म्हणजे आमच्याकडं कडुनिंबच. घरात फोडणी द्यायची नाही, तळण काढायचं नाही, आजाऱ्याला मऊ भात आणि दही. बाहेरच्यांनी उंबरा ओलांडायचा नाही, आणि भरल्या दिवसांच्या बाईनं तर त्या दारावरूनही जायचं नाही. खपल्या पडल्या की लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि बाईला निरोप द्यायचा. गल्लीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड होता, दारावरचा वाळलेला लिंब उतरवून त्याच्यापाशी नेऊन ठेवायचा.

यातलं मला तेव्हा फक्त दारावरचं दिसत होतं. दगडाचं मी कधी विचारलं नाही. विचारायला सायकल उभी करावी लागली असती.

ते दिवस उन्हाळ कांदा काढणीचे होते. सगळं गाव शेतात. गयामावशीची नात सुमन, सहा वर्षांची, तिला कांजिण्या आल्याचं माझ्या कानावर आलं. मी गेले ती मावशी पलीकडच्या वस्तीवर बाळंतपणाला गेल्याचं कळल्यावर गेले. हे लिहायला आजही लाज वाटते. ती घरी असती तर माझी हिंमत झाली नसती.

घरी सुमन आणि तिची आई रखमा, मावशीची सून. पोरीचा अंगभर फोडांनी जीव कासावीस झालेला, नखं वाढलेली, खाजवून दोनतीन फोड फुटलेले. दोन दिवस अंगाला पाणी नाही. मी नखं कापली. रखमाला कोमट पाणी काढायला लावून पोरीला अंघोळ घातली. अंगाला औषध लावलं. तोवर केलेलं सगळं बरोबर होतं. मग निघताना दाराकडं बघितलं आणि माझ्या अंगात शिक्षण आलं.

"हे काय बांधलंय? हा आजार जंतूंचा आहे. बाई-बिई काही नसते." मी टहाळा ओढला.

रखमा घाबरली. "नका ना बाई. आत्याबाई रागं भरतील मला."

"त्यांना सांग, नर्सबाईंनी काढला."

सुमन दारात उभी होती, औषधानं गुलाबी झालेली. ती म्हणाली, "मंग बाईला आमचं घर कसं घावंल?"

मी हसले. हे आता नीटनेटकं सांगायला छान आहे म्हणून सांगते: ती पोर मला जे विचारत होती ते त्या घरातलं त्या दिवसाचं सगळ्यात शहाणं बोलणं होतं. घर कसं ओळखायचं, हाच प्रश्न होता.

टहाळा हातात घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी आले. तिथं त्या शेंदरी दगडापाशी वाळलेल्या लिंबाचा छोटासा ढीग पडलेला. मला वाटलं, ही यांची कचरा टाकायची जागा दिसते. मी टहाळा त्यावर टाकला, हात झटकले आणि सायकल ढकलत निघाले.

दुपारी मंदा तिथून आली. मंदा त्याच गावची लेक, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा सातपूरच्या कारखान्यात कामाला, आणि ही बाळंतपणाला माहेरी आलेली. आठवा महिना सरत होता. पाठीत कळ मारतेय म्हणून ती गयामावशीला दाखवायला निघाली होती. मावशी घरी नव्हती. रखमा विहिरीवर गेलेली. मंदा ओटीवर वाट बघत बसली आणि सुमनला कंटाळा आला होता म्हणून तिनं पोरीला मांडीवर घेतलं. तिच्या विस्कटलेल्या वेण्या घातल्या. तासभर.

मावशी आली, तिनं ते पाहिलं आणि तिथंच कपाळावर हात मारून घेतला. हे मला रखमानं नंतर सांगितलं. मावशीनं मंदाच्या आईला बोलावून एकच विचारलं, "हिला ल्हानपनी येऊन गेल्यात का?" आई म्हणाली, "नाय मावशी. गोवर आलता. ह्या नाय आल्या." मग मावशीनं नवा टहाळा तोडून दाराला बांधला. मला ती काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात तालुक्याला आमची मासिक बैठक होती. त्यात मी उभी राहून सांगितलं, की अमुक गावात एका घरावरचा अंधश्रद्धेचा टहाळा मी स्वतःच्या हातानं उतरवला. साहेबांनी शाबासकी दिली. टाळ्या झाल्या. परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी त्या टाळ्या मनात पुन्हा पुन्हा वाजवून घेतल्या. तेव्हा तो आजार मंदाच्या अंगात शिरून सहा दिवस झाले होते. बाहेरून काही दिसत नव्हतं. दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. हे मला पाठ होतं. परीक्षेत मी ते अचूक लिहिलं होतं.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी मंदाला ताप भरला. तिची आई केंद्रावर धावत आली. मी गेले. पोट, पाठ, चेहरा फोडांनी भरलेला. मोठ्या माणसाला कांजिण्या लेकरापेक्षा कितीतरी कडक येतात, आणि गरोदर बाईला तर फुप्फुसात उतरायची भीती. तिला खोकला सुरू झाला होता. बोलताना दोन शब्दांत थांबत होती. गयामावशी आधीच तिथं होती. ती दाराबाहेर ओट्याखाली उभी राहिलेली.

"मावशी, आत या ना. तुमचा हात..."

"माझ्या हाताचं नाय हे," ती म्हणाली. "जीप बगा. हिला नाशकाला न्या. आन् तुमी संग जा."

काय करायचं ते कुणीतरी मला सांगावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, आणि तिनं सांगितलं. जीप मिळाली. मावशीही मागं बसली.

नाशिकच्या दवाखान्यात मंदाला वेगळ्या खोलीत ठेवलं. चौथ्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी. सव्वादोन किलोची, छान रडली. मला वाटलं, सुटलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. आईला फोड उठले आणि लगेच चारपाच दिवसांत बाळ जन्मलं, तर आईच्या अंगात आजार असतो पण आजाराशी लढायची ताकद अजून तयार व्हायची असते. बाळाला आजार मिळतो, ताकद मिळत नाही. आज अशा बाळाला ताबडतोब द्यायला इंजेक्शन आहे, औषधं आहेत. तेव्हा ती आमच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

सातव्या दिवशी बाळाच्या छातीवर पहिला थेंब दिसला. अळवाच्या पानावरचा. मी वर लिहिलं ना, एकदा पाहिला की माणूस विसरत नाही.

अकराव्या दिवशी ती गेली. दुसऱ्या दिवशी बारसं असतं. मंदाच्या आईनं गावाहून येताना टोपरं आणलं होतं, ते पिशवीतच राहिलं.

मंदा वाचली.

बाहेर आवारात एका झाडाखाली गयामावशी आणि मी बसलो होतो. टळटळीत ऊन. मी म्हटलं, "मावशी, मंदा त्या दिवशी तुमच्या घरात शिरलीच कशी? टहाळा नव्हता म्हणून?"

मावशी म्हणाली, "टहाळा नव्हता म्हनून नुसतं नाय. म्या इचारलं तिला. ती म्हनली, दगडापाशी लिंब ठिवलेला दिसला. वाटलं, बाई गेली."

दगडाचा अर्थ मला त्या झाडाखाली कळला. मी नुसती पाटी उतरवली नव्हती. मी उलट पाटी लावली होती.

"तिला ठाऊक आहे? कोणी टाकला ते?"

"रखमाला म्या गप ऱ्हायला सांगितलंय. तुमी ल्हान हाय. गाव तुमाला उभं करनार नाय, मंग सुया कोन देईल लेकरान्ला?" आणि थोडं थांबून, "माझी दोन गेली देवीत. तवा दारं न पाळनारे व्हते गावात. म्हनून बांधते म्या. बाई येती का नाय, मला काय म्हाईत."

मी गप्प राहिले. त्या दिवशी ते सोपं वाटलं. तिनंच सांगितलं होतं ना गप्प राहायला!

त्यानंतर मी त्या गावात नऊ वर्षं काढली आणि मावशीबरोबर काम केलं. कुठं फोड उठले की आम्ही दोघी जायचो. ती टहाळा बांधायची, मी खाली बसून नखं कापायचे. अंघोळीला बायका तयार नसत. मग मावशी सांगायची, "बाईला मळकं लेकरू आवडत नाय, घाला पानी." ताप चार दिवसांनीही उतरत नसेल, पोर धाप टाकत असेल, झोपेतून उठत नसेल, मान ताठली असेल, पाणी पोटात ठरत नसेल, किंवा फोडाभोवती लाल होऊन पू धरला असेल, तर मावशी म्हणायची, "बाई म्हनती, जीप आना." माझ्या भाषणानं जे झालं नसतं ते तिच्या एका वाक्यानं व्हायचं. मी साहेबांना या पद्धतीबद्दल कधी काही सांगितलं नाही. या वेळी टाळ्या नको होत्या.

एक गिऱ्हाईक मात्र आम्हा दोघींनाही पुरून उरलं. शाळेचे हेडमास्तर, पंचेचाळिशीचे. त्यांना कांजिण्या आल्या आणि त्यांना तो अपमान वाटला. "हा बालकांचा आजार आहे," म्हणाले, आणि तोंडाला पावडर थापून शाळेत निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. ते म्हणाले, "बाजूला व्हा, चौथीचे भागाकार राहिलेत." मावशी मागून म्हणाली, "मास्तर, तुमी गेलात तर सगळ्या शाळेला वाटप हुईल, मंग भागायला कोन उरंल?" मास्तर हसले, आणि हसताना खोकल्याची उबळ आली, तेव्हा कुठं घाबरून खाटेवर बसले. तीन आठवडे बसले. सायकल चालवायला मला त्यांनीच शिकवलं, नंतर, आभार म्हणून.

मावशी जाऊनही खूप वर्षं झाली. तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आणि मी?

ईराच्या आजारपणाच्या पाचव्या दिवशी हे सगळं केतकीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. शेवटी तिनं विचारलं, "त्या मंदाताईंना माहीत आहे का?"

"नाही."

"त्या कुठं असतात?"

"सातपूरला. दोन मुलं झाली पुढं. लग्नाच्या पत्रिका पाठवल्या होत्या मला दोन्ही वेळा."

"गेलात?"

"आहेर पाठवला."

केतकीनं मेथीची जुडी खाली ठेवली. माझी सून कधी मला उलट बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. नुसती म्हणाली, "आई, सातपूर आपल्या घरापासून अर्ध्या तासावर आहे."

सातव्या दिवशी ईरा पूर्ण बरी वाटायला लागली, उड्या मारत होती. मीच कंटाळून डहाळी सोडायला दारात गेले. केतकी मागून आली. "थांबा. कानामागं एक फोड अजून ओला आहे. मी बघितलाय." मी चष्मा लावून पाहिलं. होता. डहाळी आणखी दोन दिवस राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीला लोणचं केतकीनं खाली नेऊन तिच्या दाराबाहेर ठेवलं आणि लांबूनच ओरडून सांगितलं. ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी एकानं मला विचारलं, हे असं कुठं लिहिलेलं असतं का आज्जी? मी म्हटलं, दारावर.

शेवटची खपली वाळल्यावर मी सातपूरला गेले.

मंदाचं घर कामगारांच्या जुन्या वसाहतीत, आता वर मजला चढवलेला. नवरा निवृत्त झालेला, तो बाहेर गेला होता. मंदाचे केस पिकलेत. कपाळावर, भुवईच्या वर एक वण आहे, फोडाचा. तिनं मला ओळखलं आणि वाकून पाया पडली. मला तिला अडवताही आलं नाही.

"बाई, किती वर्षांनी! बसा. ईरा कशी आहे? तुमच्या सूनबाईंनी फोनवर सांगितलं."

मी बसले नाही. बसले असते तर चहा झाला असता, मग मुलांचं, नातवंडांचं बोलणं झालं असतं, आणि मी आहेर देऊन परत आले असते. उभ्यानं सांगितलं. टहाळा, दगड, मावशीनं दिलेली गप्प राहायची सवलत आणि मी ती एवढी वर्षं कशी वापरली ते. साध्या शब्दांत, एकाही सबबीशिवाय सांगायचं असं घरून ठरवून निघाले होते. तरी 'मी लहान होते' हे तोंडातून गेलंच.

मंदा खिडकीशी उभी होती. बाहेर कंपनीची बस थांबली, पाळीचे लोक उतरले, बस गेली. 

मग ती म्हणाली, "हिरवा होता."

"काय?"

"लिंब. दगडापाशी. हिरवागार होता, बाई. आजार गेल्यावर ठेवतात तो लिंब वाळलेला असतो, आठ-दहा दिवसांचा. हे लहानपणापासून माहीत होतं मला. मी पाहिलं होतं, की हिरवा आहे. पाठ दुखत होती, ऊन होतं, म्हटलं, वाळलेला बदलून कालच नवा बांधला असेल. आणि गेले आत." तिनं पदरानं खिडकीचा गज पुसला, उगाच. "सासू म्हणायची, डोळे फुटले होते का तुझे. मी कधी उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, बरोबर बोलते. माझेच डोळे. मुलं झाली, त्यांची बारशी झाली, प्रत्येक वेळी मनात तेच. लिंब हिरवा होता आणि मी थांबले नाही."

मी गप्प राहिले होते ते माझी नोकरी टिकावी म्हणून, गावात तोंड दाखवता यावं म्हणून. माझ्या गप्प राहण्याखाली कुणी दुसरं उभं आहे, हे एकदाही मनात आलं नव्हतं. पायाखालचं न दिसणारं ते बावीस वर्षांचं नाक, एवढी वर्षं मी तसंच वर धरून चालत होते.

"मंदा, तुझे डोळे बरोबर होते. हिरवाच होता. कारण तो वेळेआधी उतरवलेला होता."

ती स्वयंपाकघरात गेली.  बाहेर आली ती दोन कप घेऊन. माझ्यापुढं कप ठेवला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"आधी सांगायचं होतं, बाई."

"हो."

"सासू होती तेव्हा सांगायचं होतं."

  मी चहा प्यायले. तिनं मला माफ केलं असं काही ती बोलली नाही आणि मी ते मागितलंही नाही.

निघताना ती फाटकापर्यंत आली. चपला घालताना माझा तोल गेला तेव्हा दंडाला धरलं तिनं, आणि दंड सोडताना म्हणाली, "तुम्ही दिवाळी अंकात लिहिता ना? धाकट्यानं दाखवलं होतं एकदा."

"लिहिते अधूनमधून. काहीबाही."

"मग हे लिहा. माझं नाव बदला, गावाचं घालू नका. पण लिंब हिरवा होता, हे लिहा. आणि तो कुणी टाकला तेही."

नाव बदललं आहे. गावाचं घातलेलं नाही. लिंब हिरवा होता. तो दगडापाशी मी टाकला होता.